इमानाची वसुली

गेल्या मार्गशीर्षात शहरातले एक गृहस्थ आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले होते. कार्यक्रम आटोपल्यावर ते आमच्या ओट्यावर चहाला बसले. मोखाड्याच्या हवेची तारीफ झाली, नागलीच्या भाकरीची झाली. इतक्यात कुडापलीकडून आमचा ताऱ्या गुरगुरला. पाहुण्यांनी पाय वर घेतले आणि विचारले, "हा केव्हापासून आहे तुमच्याकडे?" "पाच वर्षे होतील," मी म्हटले. "पाच वर्षे तुमचे अन्न खातो आहे, आणि अजून असा?" मी सांगितले की, मलाही तो दोनदा चावला आहे. त्यावर गृहस्थांनी कपबशी खाली ठेवली आणि निकाल दिला : "बाई, जे कुत्रे खाल्ल्या अन्नाला जागत नाही ते ठेवायचे कशाला? द्या घाटात सोडून."

पाहुण्याला उलट बोलायचे नाही, या वळणात मी वाढले. म्हणून गप्प राहिले. शिवाय त्यांना निघायची घाई होती, आणि निघताना त्यांची एक चप्पल सापडेना. दिवाळी अंकाला मात्र पाहुणचाराचे नियम लागू नाहीत. त्या दिवशी जे बोलले नाही ते इथे लिहिते.

एकट्या त्या गृहस्थांचा प्रश्न असता तर एवढी शाई खर्च केली नसती. पण ते बोलले ते आपण सगळेच बोलतो. कुत्रे आपल्याला एकाच रूपात ठाऊक आहे, ते म्हणजे इमानी. शिव्या देताना आणि म्हणी रचताना आपण त्या बिचाऱ्याची वाटेल ती दुर्दशा करतो. त्याचे मरणसुद्धा शापासाठी राखून ठेवले आहे. पण स्तुती करायची वेळ आली की एकच शब्द. गेली वीस वर्षे मी मुलांकडून 'माझा आवडता प्राणी' लिहून घेत आले. पहिले वाक्य, कुत्रा पाळीव प्राणी आहे. दुसरे, कुत्रा इमानी आहे. तिसऱ्या वाक्यात तो घराची राखण करतो. एका वर्षी पाड्यावरच्या एका मुलीने लिहिले : कुत्रा चावतो. आमचा कुत्रा बिबट्याने नेला. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. तपासणीला आलेल्यांनी भुवया उंचावल्या, पण संपूर्ण गठ्ठ्यात कुत्रे पाहिलेली ती एकटीच होती.

महाराष्ट्रात कुत्र्याचे सर्वांत प्रसिद्ध स्मारक रायगडावर आहे. वाघ्याची कथा गडकऱ्यांच्या अपुऱ्या 'राजसंन्यास' नाटकाने घरोघर नेली, आणि पुतळा तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून उभा राहिला. तो तिथे असावा की नसावा यावर वाद आहे. २०२५ साली तो हलवण्याची मागणी झाली तेव्हा बरेच रण माजले. इतिहासकारांनी आपसांत काय ते ठरवावे. मला दिसते ते निराळेच. आपण पुतळा उभारला तो कोणत्या कुत्र्याचा? ज्याने धन्याच्या चितेत उडी घेतली असे सांगतात त्याचा. याहून कमी इमानावर आपण बहुधा खूष नसतो.

महाभारताचेही तेच. धर्मराजाबरोबर हिमालयात चढत गेलेले कुत्रे सर्वांना माहीत आहे. त्याला सोडून स्वर्गात येणार नाही, असे धर्मराज म्हणाला. मग ते कुत्रे म्हणजे साक्षात यमधर्म निघाले. म्हणजे शेवटी ते कुत्रे नव्हतेच! परीक्षा संपली, गुण मिळाले, कुत्रे नाहीसे झाले. धर्मराजाला स्वर्गात त्याच्या पिसवा काढाव्या लागल्या नाहीत. आणि याच महाभारताच्या आदिपर्वात, अगदी आरंभी, दुसरे एक कुत्रे येते ते मात्र कुणी सांगत नाही. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे पोर शिरले. त्याने हविर्भागाला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेदेखील नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला बडवून काढले. ते रडत आईकडे गेले. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, याचा अपराध काय? राजकुळातल्या कुणाकडे उत्तर नाही. तेव्हा ती शाप देते की, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशी विनाकारण मार खाल्लेले एक कुत्रे उभे आहे. आमचा ताऱ्या या सरमेच्या कुळातला. यमधर्माच्या नव्हे.

तो आमच्याकडे आला कसा, ते सांगायला हवे.

दिवाळी उलटली की आमच्याकडचे पाडे रिकामे होऊ लागतात. याला इथे 'जगायला जाणे' म्हणतात. जव्हार-मोखाड्यात भात, नागली, वरई एकदाच पिकते; ती संपेपर्यंत घर चालते. मग भिवंडी, वाडा, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. बयाणा आधीच घेतलेला असतो, आणि तो घरात लग्न वा दुखणे निघाले तेव्हाच खर्ची पडलेला असतो. टेम्पो येतो, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि माझ्या वर्गातली अर्धी मुले चढतात. कुत्रे चढत नाही. ते टेम्पोमागे जमेल तितके धावते आणि मग परत येऊन बंद दारापुढे बसते.

पाच वर्षांपूर्वीच्या पौषात मुले सांगत आली, "बाई, ओढ्याकडे एक कुत्रा फासकीत अडकलाय, कुणाला जवळ येऊ देत नाही." रानडुकरासाठी लावलेली तारेची फासकी होती. मागच्या पायात रुतून तार मांसात दिसेनाशी झाली होती. अंगावर गोणपाट टाकून पक्कडीने तार तोडली, आणि मोकळा झाल्याबरोबर तो माझ्या मनगटाला कडाडून चावला. उपकाराची पहिली पावती ती. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात मी इंजेक्शने घेतली. आमच्या शेजारणीला वाटत होते की, आता पोटात चौदा सुया बसणार. ती जुनी लस २००५ सालापासून देशात वापरली जात नाही. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, आणि जखम खोल असेल तर सोबत जखमेतच सीरम देतात. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा पाय वाचवला, त्याला लस दिली. तारेवरून मुलांनी नाव ठेवले, ताऱ्या.

पहिले सहा महिने तो आमच्या घराच्या मागच्या पडवीत होता आणि आम्ही त्याच्या मर्जीने पुढच्या ओटीवर. हात वर केला की तो दात काढी. मग तो हात वाळत घातलेले लुगडे ओढण्यासाठी का असेना. काठी दिसली की अंगावर येई. टेम्पोचा आवाज आला की कोपऱ्यात शिरून थरथर कापे, आणि त्या वेळी जो जवळ जाईल त्याला चावे. भाकरी टाकली तर ती घेऊन पळे, गिळे, ओके आणि पुन्हा खाई. माझ्या आईने आयुष्यात बारा कुत्री पाळलेली, ती म्हणाली, "याला प्रेम लाव, सुधारेल." मी प्रेम लावले. म्हणजे जवळ जाऊन डोक्यावरून हात फिरवायला गेले. तो दुसरा चावा.

तेव्हा मला प्रथमच शंका आली की, आपण ज्याला प्रेम म्हणतो ते पुष्कळदा वसुलीचाच सभ्य प्रकार असतो. मी तुला जेवू घातले, आता शेपूट हलव. मी तुझी तार तोडली, आता माझ्या मांडीवर डोके ठेव. व्याजाचा दर तेवढा गोड.

मग वसुली सोडली. ठरल्या वेळी भाकर ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून वह्या तपासत बसायचे. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, वरून हात न्यायचा नाही, त्याचे नाव घेऊन लाडीगोडी लावायची नाही. मान वळवणे, जिभल्या चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, ही कुत्र्याची बोलणी आहेत. 'कृपा करून लांब राहा' असा त्यांचा अर्थ. ती ऐकली नाहीत तर ते गुरगुरते, आणि तेही ऐकले नाही तर चावते. चावा हा शेवटचा शब्द. पुष्कळ लोक कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल मारतात. त्यातून ते शांत होत नाही. न गुरगुरता चावायला शिकते. पाहुणे ज्याला ताऱ्याचा उर्मटपणा समजले तो त्याचा सभ्यपणा होता. त्याने आगाऊ सूचना दिली होती.

अकराव्या महिन्यात एका दुपारी मी वह्या तपासत असताना पाठीला काहीतरी टेकले. तो पाठीला पाठ लावून बसला होता. मी हललेसुद्धा नाही. तिसरीच्या वह्या संपल्या, चौथीच्या घेतल्या. त्या दिवशी मुलांना जरा जास्तच गुण पडले असावेत.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती आणि कुणीही छापली असती. पण पुढच्याच वर्षी ताऱ्याने एका मुलाला चावले. तिसरीतला पोरगा, हातात काठी, शेळीमागे धावत आमच्या अंगणात शिरला. ताऱ्याने पोटरी धरली. मी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली, पोराला जीपमध्ये घातले, दवाखान्यात नेले. सगळ्या इंजेक्शनांना मीच नेत राहिले. ताऱ्याला लस होती, तरी मला झोप नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा दिसू लागला की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य, आणि जगात माणसाला होणाऱ्या या रोगात ९९ टक्के वेळा कारण कुत्रेच असते. ज्यांना हे आकडे म्हणजे मुक्या जनावरांविरुद्धचा कट वाटतो त्यांच्या पंगतीला मला बसवू नये. मुलाची आई एवढेच म्हणाली, "बाई, तुम्हाला तुमच्या कुत्र्याची माया, आम्हाला आमच्या पोराची." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. दोष कुत्र्याचा नव्हता, काठीचाही नव्हता. अंगणाला कुंपण नव्हते हा दोष होता आणि अंगण माझे होते.

त्या बाईने किंवा तिच्या नवऱ्याने 'घाटात सोडा' म्हटले असते तर मी निमूट ऐकून घेतले असते. त्यांना तो अधिकार होता. त्यांनी म्हटले नाही. मुलाचा बाप दुसऱ्या दिवशी आला, अंगण पावलांनी मोजले, आणि कारवीचे पुरुषभर उंच कूड घालून दिले. मजुरी ठरवून घेतली, रोख घेतली. एक अट घातली : कुत्रा कुडाबाहेर येईल तर तोंडाला मुसके बांधून. मळणीच्या बैलाला बांधतात तसले मुसके त्यानेच विणून दिले.

आता या दोन सल्ल्यांतला फरक पाहा. ज्याचे पोर चावले गेले तो कूड घालून देतो, आणि ज्याला फक्त गुरगुर ऐकू आली तो घाटात सोडायला सांगतो. घाटात सोडणे म्हणजे काय, हे त्या गृहस्थांना ठाऊक नसेल असे नाही. तोंड बांधलेले पोते, रात्रीची मोटार, त्र्यंबकच्या वाटेवरचे वळण. कुत्रे तिथून दुसऱ्या गावाच्या वेशीवर जाते, तिथल्या कुत्र्यांकडून फाडले जाते. नाहीतर बिबट्याच्या वाट्याला जाते. पलीकडच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या मांसात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. जनावराला उपाशी मरेल अशा जागी टाकून देणे हा गुन्हा आहे, हेही सांगून ठेवते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली तो कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा आजही बदललेला नाही. घाटापर्यंतच्या पेट्रोलला याहून जास्त पडतात.

आणि हा रोग केवळ व्यवहारी लोकांचा नाही. मुंबईत १८३२ सालच्या जूनमध्ये सरकारने कुत्री मारायला माणसे लावली; मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे. तेव्हा पारशी मंडळींनी दंगा केला, बाजार बंद पडले. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाली. चांगलेच झाले. पण तेव्हापासून आजपर्यंत आपल्याकडे भांडण दोनच पक्षांत चालले आहे : कुत्री मारा वा उचला म्हणणारे, आणि त्यांना बिस्किटे घालून मोटारीत बसून निघून जाणारे. २०२५ सालच्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यात नेऊन ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा एका पक्षाने टाळ्या वाजवल्या. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश बदलून, नसबंदी व लस करून कुत्री मूळ जागी सोडा असे सांगितले, तेव्हा दुसऱ्याने. मात्र त्यात अपवाद होता : पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. अपवाद योग्य आहे. माझ्या कुडाचाही अर्थ तोच. पण त्या अपवादातले कुत्रे पुढे कुणाच्या पडवीत राहणार, हे मी दोन्ही पक्षांकडून ऐकले नाही. प्रेमळ कुत्र्यावर प्रेम करायला दोन्ही बाजूंना माणसे मिळतात.

'खाल्ल्या अन्नाला जागणे' हे शब्द मला इतके का झोंबले, तेही सांगते. आमच्या जिल्ह्यात या शब्दांना निराळा वास आहे. पालघर जिल्हा २०१४ चा, पण तलासरी, डहाणू, उंबरगाव हा मुलूख जुनाच, आणि तिथे १९४५ साली वारल्यांनी जमीनदारांच्या वेठीविरुद्ध मान वर केली. गोदावरी परुळेकरांनी ते सगळे लिहून ठेवले आहे. वेठ मागणाऱ्यांची तक्रार काय होती? पिढ्यान्पिढ्या आम्ही यांना पोसले आणि हे आमच्यावर उलटले! माणसांना मी कुत्र्याच्या पंक्तीला बसवीत नाही. ती पंगत सावकारांनी मांडली होती. मी एवढेच म्हणते की, जो आधी बांधतो आणि मग घास टाकतो त्याच्या तोंडी हे शब्द फार लवकर येतात. वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसालाही बयाणा देताना कुणी 'कर्ज' म्हणत नाही. 'नड भागवली' म्हणतात.

म्हणून ताऱ्याच्या पहिल्या धन्याला दोष देणेही मला जमले नाही. पहिल्याच ज्येष्ठात तो म्हातारा भट्टीवरून परतला आणि कुत्रा आमच्याकडे आहे हे ऐकून आला. ताऱ्या त्याच्याजवळ गेला, पाय हुंगले, हात हुंगला. मग पुन्हा पडवीत येऊन बसला. म्हातारा बराच वेळ बोलला नाही. "टेम्पोत आम्हालाच जागा नव्हती, बाई," तो म्हणाला, आणि तंबाखू मळीत बसला. त्याचे नाव मी त्याला विचारले, म्हणजे कुत्र्याचे. तो म्हणाला, "नाव कशाला? कुत्राच म्हणायचो. यायचा."

आमच्याकडे दिवाळी सुरू होते ती वाघबारशीने. वारली, कोकणा, महादेव कोळी त्या दिवशी वाघदेवाला पुजतात. रानात दगड असतो किंवा वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला लाकडी खांब. नारळ होतो, कोंबडा होतो. वाघाने आपल्यावर माया करावी असे तिथे कुणी मागत नाही. गुरे राख, वाटेला जाऊ नकोस, आम्हीही तुझा मान राखू, एवढेच बोलणे होते. मी दर वर्षी मुलांबरोबर जाते. एका वर्षी तिथे उभी असताना लक्षात आले की, ताऱ्याशी माझे चालले आहे ते हेच आहे. भाकर ठरल्या वेळी, हात खालून, काठी दाराबाहेर, कूड बंद, बाहेर पडताना मुसके. तो आपली अट पाळतो, मी माझी. याउपर तो कधी पाठीला टेकून बसला तर बसला. त्याचा हिशेब वहीत नाही. मला तो फार आवडतो. का, ते मला सांगता येत नाही, आणि त्याला मी आवडते की नाही हे मी त्याला विचारीत नाही.

राहता राहिली चप्पल. पाहुणे गेल्यावर आठ दिवसांनी ती सापडली. चहा चालू असताना ताऱ्याने कुडाच्या फटीतून पंजा घालून ती अलगद आत ओढली होती. गृहस्थ माझी स्लिपर घालून गेले ते गेले. चप्पल उत्तम कातड्याची आहे, उजव्या पायाची, फारशी चावलेली नाही. पडवीत त्याच्या गोणपाटाखाली असते. पोष्टाने परत पाठवावी म्हणून दोनदा घ्यायला गेले. त्याने मान वळवली, जिभली चाटली. मी परत फिरले.